नैवेद्याचं पाणी

माझ्या हातून काय झालं ते मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि आमचे यजमान नामदेवराव सांगायला बसले तर मला वाचवायचं म्हणून अर्धं गिळूनच टाकतील. अठ्ठावीस वर्षं मी नारायणगुड्याच्या एका शाळेत सायन्स शिकवलं. चूक झाली की कबूल करायची, सबबी सांगायच्या नाहीत, असं पोरांना दटावण्यात माझा जन्म गेला. आता स्वतःची पाळी आली म्हणून नियम बदलता येत नाही.

आम्ही तारनाक्याला राहतो. मूळचे बिदरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. नामदेवराव रेल्वेतून रिटायर झाले. मुलगा एकच होता, प्रशांत. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. चौतीस वर्षांचा होता. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही, कारण सांगून काही होत नाही हे मला कळून चुकलंय. मागे राहिलो आम्ही दोघं आणि त्याची बायको मानसी.

मानसी पुण्याची. दोघं एकाच ऑफिसात होते, तिथंच जमलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिचं नि माझं फारसं पटलं नाही, हेही सांगायला हवं. ती जेवताना मोबाइल बघायची, मी टोचून बोलायचे. प्रशांत गेल्यावर तिचे आईवडील, मीनाताई आणि अनिलराव, तेरावं होताच तिला न्यायला आले. ती म्हणाली, "आत्ता नाही." का नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती निघून गेली असती, अशी मला भीती होती.

नोकरी तिनं सोडली. ज्या मजल्यावर तो गेला त्या मजल्यावर रोज कशी जाणार? तीन-चार महिने नुसती बसून होती. मग एक दिवस प्रशांतच्या खोलीतला पलंग तिनं बाहेर काढायला लावला. घरात एसी फक्त त्याच खोलीत होता. पलंगाच्या जागी टेबल आलं, टेबलावर ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला काळा तुकडा आला, थर्मामीटर आलं, साचे आले. लग्नाआधी तिनं चॉकलेट बनवायचा कोर्स केला होता, हे मला तेव्हा कळलं.

मला वाटलं, चॉकलेट म्हणजे काय, वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. तिनं मला करायला दिलं. मी ओतलं, थंड झालं, काढलं, तर वर पांढरट राखेसारखे डाग, आणि मोडायला गेलं तर मेणासारखं वाकलं. मी म्हटलं, "तुझा मालच खराब आहे." ती म्हणाली, "माल तोच आहे आई. तुम्ही त्याला टेम्पर केलं नाही."

मग तिनं समजावलं आणि मी विद्यार्थिनीसारखी वही घेऊन बसले. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे बनतात. त्यांतला एकच कामाचा. तो असला तर चॉकलेट चमकतं, कट्‌ आवाज करून तुटतं, साच्यातून आपोआप सुटतं. म्हणून काळं चॉकलेट आधी पंचेचाळीस अंशांच्या वर न्यायचं, म्हणजे जुनं सगळं वितळून जातं. मग तीनातले दोन भाग त्या ग्रॅनाइटच्या लादीवर ओतायचे, पातळ लोखंडी पट्टीनं पसरायचे, गोळा करायचे, पुन्हा पसरायचे. अठ्ठावीसच्या खाली आलं की घट्ट व्हायला लागतं. तेव्हा ते भांड्यातल्या उरलेल्या गरम चॉकलेटात मिसळून सगळं एकतीसवर आणायचं. नको असलेले स्फटिक तेवढ्या उष्णतेत वितळतात, हवा असलेला टिकतो. एक-दोन अंश वर गेलं की तोही गेला, आणि पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं मी 'पदार्थाच्या अवस्था' हा धडा शिकवत आले, पण तो हाताखाली घडताना बघितला तो त्या खोलीत. मला ते काम आवडलं. खरं सांगायचं तर त्या कामानंच मला उठवून बसवलं.

आता पाण्याचं सांगते. वितळलेल्या चॉकलेटचा एकच वैरी, पाणी. वाटीभर पाणी घातलं तर त्याचा निदान सॉस होतो, पण चार थेंब पडले तर साखर ओली होते, एकमेकीला चिकटते आणि भांडंभर चॉकलेटचा रवाळ, कोरडा गोळा होऊन बसतो. मग ते साच्याच्या कामाचं राहत नाही. हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात शिजलेलं काहीही देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखत नाही. देवावर माझा किती विश्वास आहे ते देवालाच ठाऊक, पण सासूबाईंनी लावलेली सवय हाडात बसली आहे. तेव्हा पहिल्याच महिन्यात, मानसी साचे पुसत असताना, मी तुळशीचं पान पळीतल्या पाण्यात बुडवून भांड्यावर शिंपडलं आणि भांड्याभोवती पाणी फिरवलं. डोळे उघडून बघते तर भांड्यात ढेकळं. मानसी आली, तिनं भांड्यात बघितलं, माझ्या हातातल्या पळीकडे बघितलं, आणि हसायला लागली. मग मीही हसले. प्रशांत गेल्यानंतर त्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं ते तेव्हा.

त्या दिवसापासून नियम झाला. खोलीत पाणी आणायचं नाही. हातसुद्धा बाहेर धुवून, बोटं एकेक करून पुसून आत यायचं. नैवेद्य तयार चॉकलेटचा, आणि तो देव्हाऱ्यापाशी नेऊन दाखवायचा. दोन वर्षं मी तो नियम मोडला नाही.

काम वाढलं. खुबानी, म्हणजे जर्दाळू, भरलेली, भाजलेल्या तिळांची, नुसती काळी, अशी तिची चॉकलेटं लोक सांगून घेऊन जायला लागले. सामान मी नि ती गौलीगुड्याकडच्या दुकानातून आणायचो, येताना कधी उसाचा रस प्यायचो. कुणी विचारलं की मी "आमची मानसी" म्हणायचे. सून म्हणायची सवय कधी सुटली, माझं मलाच कळलं नाही. तिला मुलगी म्हणावं असं मला वाटायचं, पण तो शब्द मी तोंडातून काढला नाही. मुलगी म्हटलं की तिला सासरी पाठवावं लागतं.

या जानेवारीत तिनं सांगितलं, की पुण्यात एक बाई चॉकलेटचा कारखाना काढतायत. शोभा नाव त्यांचं. त्यांना टेम्परिंगची अख्खी खोली सांभाळणारं माणूस हवंय. अठ्ठेचाळीस नग पाठवायचे, ते बघून त्या ठरवणार. मानसी म्हणाली, "पाठवून बघते. होईलच असं नाही."

मी म्हटलं, "बघ की." आणि भाजी चिरायला गेले.

एप्रिलमधला मंगळवार ठरला. मानसीचा भाऊ सौरभ ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला आला होता, तो संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होता. कुरियरवर या उन्हात कोण भरवसा ठेवणार? डबा सौरभनं हातात घेऊन जायचा, असं ठरलं. पाच वाजता तो दारात येणार होता.

सकाळी सात वाजताच आम्ही एसी लावून बसलो. खुबानीचे आणि तिळाचे नग तिनं आदल्या दिवशीच करून ठेवले होते. राहिले होते ते साध्या काळ्या चॉकलेटचे सोळा. हेच कठीण. आत सारण नाही, लपवायला काही नाही, जे आहे ते वर दिसतं. त्या दिवशी तिचा हात सुरेख चालला होता. लादीवर पट्टी फिरत होती, कडा स्वच्छ, एक गुठळी नाही. एकतीस आलं. सुरीचं टोक बुडवून ठेवलं तर चार मिनिटांत चकचकीत सुकलं. ती म्हणाली, "आई, याहून चांगलं माझ्या हातून कधी झालं नसेल."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती म्हणाली, "पुण्याहून आईचा आहे. दोन मिनिटं ढवळत राहा, गार वाटलं तर हेअर ड्रायरची हवा द्या." आणि बाल्कनीत गेली.

एसीसाठी दार ओढून घ्यायचं ते घाईत राहिलं. ती हळू बोलत होती, पण शिक्षिकेचे कान शेवटच्या बाकावरचंही ऐकतात. "हो गं, मेअखेर येते. खोलीला रंग दिलास? ... नाही, इथं अजून सांगितलं नाही. कसं सांगू तेच कळत नाही. ... मला खूप दडपण येतं आई, रोज त्यांचं तोंड बघून."

म्हणजे ठरलेलं होतं. "पाठवून बघते" नव्हतं. पुण्यात भिंतींना रंग लागला होता आणि इथं मी तिच्यासाठी पुढच्या मोसमातली खुबानी सांगून ठेवली होती. मला राग आला. दुःख नंतर आलं, आधी रागच आला. माझं तोंड बघून हिला दडपण येतं? दोन वर्षं मी हिच्यासाठी उठले, हिच्यासाठी जेवले.

मी उठले. देव्हाऱ्यापाशी गेले. तांब्या आणि पळी घेतली, तुळशीचं पान घेतलं. खोलीत आले. मुद्दाम सांगते, मी डोळे मिटले नाहीत. पान बुडवलं, भांड्यावर शिंपडलं. पळीनं भांड्याभोवती पाणी फिरवलं आणि पळी उरलेल्या पाण्यासकट आत कलती केली. मग नीट ढवळलं. दहा-बारा ढवळण्यांत ते जड झालं, चमक गेली, आणि पट्टीला गोळा चिकटून वर आला. कुंपणानंच शेत खाल्लं.

मानसी आत आली तेव्हा पळी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "आज महत्त्वाचा दिवस, म्हणून आधीच देवाला दाखवलं. पाणी पडलं वाटतं आत."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि भांडणात सगळं वाहून गेलं असतं. ती ओरडली नाही. तिनं भांड्यात बघितलं. मग भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली.

"दोन वर्षांत तुम्ही एकदाही या खोलीत पाणी आणलं नाहीत, आई," ती म्हणाली. "एकदाही विसरला नाहीत. आजच कसं सुचलं तुम्हाला?"

मी पळी तांब्यात ठेवली.

"मला वाटतं, त्यालाच नकोय," ती म्हणाली. "प्रशांतला. त्याची खोली, त्याचे आईबाबा. मी निघाले म्हणून त्यानं हे करवलं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सौरभला फोन करते. येऊ नको म्हणते. मी नाही जात."

नामदेवराव आवाज ऐकून दारात आले. "काय झालं की? कायको रडायली पोरगी?"

तिनंच सांगितलं. नैवेद्य दाखवला, पाणी पडलं, सगळं गेलं. पुण्याचं ठरत आलं होतं, तेही सांगून टाकलं, आणि आता जाणार नाही, हेही सांगितलं. नामदेवराव हळहळले, पण मी त्यांच्याबरोबर अडतीस वर्षं काढली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर काय उजळलं ते मला दिसलं. "देवाच्या मनात नाही तर आपण काय करणार, बेटा? नक्को रडू. हौ, मी चाय करतो तुम्हा दोघींना," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. जाताना पाय हलके पडत होते. मी त्यांना दोष देत नाही. माझंही तसंच झालं होतं.

कारण मला हवं होतं ते मिळालं होतं. मी गप्प बसले की झालं. ती मेअखेर जाणार नव्हती. आम्ही पुन्हा गौलीगुड्याला जाणार होतो. एक शब्द बोलायची गरज नव्हती.

मी तिच्याकडे बघत राहिले. ती बत्तीस वर्षांची आहे. नखं कापलेली, बोटांच्या पेरांत कोको बसलेला. इंजिनिअर आहे. कुठं काय बिघडलं याचं कारण शोधणं हे तिचं कामच होतं. आणि माझ्या चार थेंब पाण्यामुळे ती मेलेल्या नवऱ्याची नाराजी मानायला तयार झाली होती. यापुढे जेव्हा जेव्हा तिला कुठं जावंसं वाटेल, तेव्हा तेव्हा तिला तो रागावलेला दिसणार. माझा प्रशांत कुणावर रागवायचा नाही. जिवंतपणी त्यानं तिला कधी अडवलं नाही, आणि मेल्यावर मी त्याच्या नावानं तिला दार बंद करत होते.

"मानसी," मी म्हटलं. "प्रशांतनं काही केलेलं नाही. देवानंही नाही. ते पाणी मी टाकलं."

"माहीत आहे आई. चुकून—"

"चुकून नाही. तुझं फोनवरचं बोलणं मी ऐकलं. मेअखेर जाणार म्हणालीस, खोलीला रंग दिला म्हणालीस. ते ऐकून मी उठले, देव्हाऱ्यापाशी गेले, पाणी आणलं आणि पळी आत उपडी केली. तू जाऊ नयेस म्हणून. नैवेद्याचं नुसतं निमित्त."

नामदेवराव दोन कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी दोन्ही कप उंबऱ्यापाशी खाली ठेवले. ते आत आले नाहीत.

मानसीनं डोळे पुसले. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी मान खाली घालावी. मी घातली नाही. वर्गात पोरांना मी मान वर करून कबूल करायला लावायचे.

"तीन महिने," ती म्हणाली, "तीन महिने मी झुरतेय. यांना कसं सांगू, यांचं काय होईल. जेवण जात नाही मला. आणि तुम्ही हे केलंत."

"हो."

"एकदा सरळ म्हणाला असतात ना, जाऊ नकोस म्हणून, तर मी थांबले असते. खरंच थांबले असते. म्हणून तर मी रोज मनात म्हणायचे, आईंनी तेवढं म्हणू नये. नाहीतर मी इथंच संपेन."

हे ऐकून मला काय झालं ते सांगता येत नाही. थोबाडीत बसावी तसं झालं, आणि बसायलाच हवी होती. मी फक्त म्हटलं, "मी ते म्हणणार नाही."

घड्याळात दहा वाजले होते. ती उठली. गोळा झालेलं भांडं उचलून दारात नामदेवरावांच्या पुढे धरलं. "बाबा, हे बाहेर न्या. गरम दूध घातलं की खाता येईल." मग कपाट उघडून बघितलं. किलोभर चॉकलेट उरलं होतं. एकच खेप होणार होती. तिनं ते कापायला सुरी धरली आणि सुरी लादीवर खडखडली. ती तिला सरळ धरवेना.

तिनं सुरी खाली ठेवली. "लादीवरचं तुम्ही करा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी अंश सांगेन. सांगेन तेवढंच करायचं. बोलायचं नाही."

मी बाहेर जाऊन हात धुतले. एकेक बोट पुसलं, नखांच्या कडा पुसल्या, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसले. आत आले.

चॉकलेट वितळलं. ती म्हणाली, "सत्तेचाळीस. ओता." मी ओतलं. पसरलं, गोळा केलं, पसरलं. माझं वय एकसष्ट आहे, उजवा खांदा दुखरा आहे. एरवी मी दोन-तीन मिनिटं करून पट्टी तिच्याकडे द्यायचे. त्या दिवशी दिली नाही. कडेला जमणारा पातळ थर लगेच खरवडून मधे आणावा लागतो, नाहीतर तो सुकतो आणि गुठळी होते. एक कड जरी विसरले असते तरी पुरलं असतं. मी एकही कड विसरले नाही. "चौतीस," ती म्हणायची. "एकतीस. एकोणतीस. हळू नका होऊ." खांद्यातून कळ निघत होती. "सत्तावीस. उचला." मी उचललं, भांड्यात घातलं, ढवळलं. "साडेतीस. थांबा. एकतीस."

सुरीचं टोक बुडवून तिनं टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मी तोंड धुवून येते. चार-पाच मिनिटं लागतील. ढवळत राहा."

आणि ती गेली. भांडं, मी आणि हेअर ड्रायर. एवढं सगळं झाल्यावर तिनं मला त्या भांड्यापाशी एकटं सोडलं. मुद्दाम सोडलं की तिला खरंच तोंड धुवायचं होतं, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. ड्रायर दोन मिनिटं जास्त धरला असता तर पस्तीस झालं असतं आणि वरून काही कळलं नसतं. पुण्यात डबा उघडेपर्यंत पांढरे डाग आले असते. हे सगळं मला सुचलं, खोटं कशाला बोलू. मी थर्मामीटरवरून नजर काढली नाही. साडेतीसला थोडी हवा दिली, एकतीसला बंद केली. परत साडेतीस, परत हवा. मला वाटतं, आयुष्यात मी कुठलंही काम इतक्या जपून केलेलं नाही.

ती आली. आधी तिनं सुरी बघितली. चमकत होती. मग थर्मामीटर. मग साचे भरले, टेबलावर आपटून बुडबुडे काढले, वरचं जादा पट्टीनं ओढून घेतलं. तासाभरानं साचा कागदावर उलटा केला. ठोकावं लागलं नाही. सोळाच्या सोळा नग टपटप बाहेर पडले. काळे, चकचकीत, आरशासारखे. एक जास्तीचा ओतला होता, तो तिनं तोडला. कट्‌ असा आवाज झाला. ती तुकडा उजेडात धरून आतली कड बघत राहिली.

"कसे झालेत?" मी विचारलं. मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"माझ्या सकाळच्या खेपेपेक्षा चांगले," ती म्हणाली. तिच्या आवाजात माफी नव्हती. माफी आता तरी आहे का, मला माहीत नाही. मी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "वेळ लागेल आई." तिनं अजून आई म्हटलं, तेवढ्यावर मी आहे.

दुपारी आम्ही तिघं जेवलो. नामदेवरावांनी दुधात मिसळलेलं ते चॉकलेट एकदा पुढे केलं, कुणी घेतलं नाही, तेही खाऊ शकले नाहीत. पाणी वाढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच दुखऱ्या खांद्यावर, आणि मी तो काढू दिला नाही.

पाच वाजता सौरभ आला. "ताई, काय ऊन आहे गं इथं! कॅब खाली थांबलीय, पटकन दे." मानसीनं डबा आणला. अठ्ठेचाळीस खण, वर पातळ कागद, भोवती थर्माकोलचं खोकं. तिनं झाकण लावलं, चिकटपट्टी ओढली, आणि सौरभ हात पुढे करून उभा असताना ती माझ्याकडे वळली. तिनं डबा माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही द्या," ती म्हणाली.

नामदेवराव खिडकीकडे वळले. डबा हलका होता. मी तो दोन्ही हातांनी धरला, आणि तेव्हा मला कळलं, की हे मला करायलाच हवं होतं, आणि हे करणं मला सगळ्यांत जड जाणार होतं, आणि दोन्ही तिला ठाऊक होतं.

मी डबा सौरभच्या हातात दिला. "गाडीत मांडीवर धर," मी म्हटलं. "डिकीत ठेवू नकोस, आणि खिडकीच्या बाजूला बसू नकोस. विमानातही वरच्या कप्प्यात नको, पायाशी ठेव. घरी पोचलास की कितीही उकडत असलं तरी फ्रिजमध्ये घालू नकोस, डाग पडतात. शोभाबाईंना सांग, मानसीनं केलंय. आणि पोचल्यावर मला फोन कर, नीट पोचलं म्हणून."